दोन वॅटची हाक

धाड! कुऱ्हाडीचा पहिला घाव पंपघराच्या दारावर बसला आणि उडालेली ढलपी भोंग्याच्या कपाळाला लागली.

"उघडा रे कार्ट्यांनो! कॅमेरा द्या, नाहीतर तंगड्या तोडीन!" बाहेरून टँकरवाला गरजला.

सुट्टी लागल्यापासून टिकली आणि तिचा मामेभाऊ भोंगा एकाच गोष्टीच्या हात धुऊन मागे लागले होते. तलावातले मासे रोज दुपारनंतरच का मरतात? आज उत्तर सापडलं. कारखान्याचा टँकर पिण्याच्या पाण्यात चक्क तेजाब ओतत होता! भोंग्याने फोटो काढले. पंपघर सांभाळणारा मामा, म्हणजे भोंग्याचा बाबा, टँकर अडवायला धावला, तर टँकरवाल्याने त्याच्या डोक्यात पहार घातली आणि त्याचा फोन बुटाखाली चिरडला. पोरांनी मामाला कसंबसं आत ओढून कडी घातली.

आता मामा जमिनीवर निपचित पडला होता. भोंग्याचा सदरा जखमेवर दाबला तरी रक्त थांबेना. मामा हाती लागेल ना?

टेबलावर मामाचा संदेश पाठवायचा हौशी रेडिओ होता. जेमतेम दोन वॅटचा, विजेरीच्या बल्बाइतकाच त्याचा जीव! मामाने शिकवलेली मोर्सची टकटक, म्हणजे ठोक्यांची लिपी, तेवढी तिच्या हाताशी होती.

"रेडिओच्या पट्टीवर मधोमध लाव! तिथे शेकडो माणसं असतात!" भोंगा ओरडला.

"आज तिथे रेडिओवाल्यांची स्पर्धा आहे. हजार वॅटवाले बोंबलताहेत. नगाऱ्यापुढे टिमकी कोण ऐकणार?"

"मग रिकामी फ्रिक्वेन्सी शोध!"

"रिकाम्या जागी ऐकायला तरी कोण बसलंय?"

तिने बटण फिरवून कडेचा कोपरा गाठला. कमी शक्तीचे रेडिओवाले तिथे जमतात. बारीक आवाजाला कान द्यायची त्यांना सवय असते. तिथे दोघांच्या टोमॅटोच्या रोपांवर निवांत गप्पा चालल्या होत्या. मधेच घुसायचं नाही, आधी विचारायचं, हा मामाचा दंडक! ते थांबताच टिकलीने विचारलं, 'ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?'

"विचारत काय बसलीस! इथे बाबा मरतोय!"

तेवढ्यात दाराची फळी फुटली. एक केसाळ हात फटीतून कडीकडे सरकला. भोंग्याने दोन्ही हातांनी पाना उगारला आणि हाणला! कटकन हाड मोडलं. बाहेर किंकाळी फुटली.

रेडिओ टिकटिकला, 'हो, वापरात आहे.'

"ऐकलं! भोंग्या, त्यांनी आपल्याला ऐकलं!" टिकलीच्या बोटांनी भराभर आधी गावाचं नाव पाठवलं, मग पुढचं. 'मदत. तलावाचं पंपघर. हल्ला. माणूस मरतोय.'

'कळलं. पोलिसांना फोन करतो. धीर ध...'

पुढचं आलंच नाही. बाहेर कुणीतरी अँटेनाची तार तोडली होती. पाठोपाठ दारही कोसळलं! टँकरवाला कुऱ्हाड उगारून आत घुसला. त्याच्यामागे मोडका हात छातीशी धरलेला त्याचा साथीदार होता.

"भोंग्या, पाणी सोड!"

भोंग्याने पंपाची जाडजूड नळी दाराकडे रोखून झडप फिरवली. सुटलेला फवारा टँकरवाल्याच्या छातीवर आदळला आणि तो भिंतीवर जाऊन आपटला. कुऱ्हाड कुठल्या कुठे उडाली! साथीदार पुढे सरसावला, तसं टिकलीने स्टूल त्याच्या नडगीवर घातलं. तो कळवळत खाली बसला. मग दोघांनी नळी जी घट्ट धरली, ती पोलिसांची गाडी दारात येईपर्यंत सोडली नाही.

"आणखी अर्धा तास उशीर झाला असता, तर कठीण होतं," इस्पितळात मामाला तपासून डॉक्टर म्हणाले. फौजदारांनी दोघांची पाठ थोपटली आणि फोटो घेऊन थेट कारखान्याच्या मालकालाच उचललं.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारे घड्याळजी ऐंशी किलोमीटर स्कूटर हाकत इस्पितळात आले. टोमॅटोवाल्यांपैकी हेच ते एक!

टिकली खाली मान घालून म्हणाली, "आजोबा, माफ करा हं. तुमच्या गप्पा मोडल्या."

"माफ? अगं, दार फुटत होतं आणि तू परवानगी मागत होतीस! इतका अदबीचा आवाज म्हणून तर मी कान टवकारले." ते मामाकडे वळले. "शिकवावं तर तुमच्यासारखं!"

डोक्याला पट्ट्या बांधलेल्या मामाने टिकलीकडे हात पुढे केला. लढाईत टिपूसही न काढलेली टिकली त्या हातात तोंड खुपसून हमसाहमशी रडली.