रायवळ

राज्यातले बहुतेक तरुण रेडिओलॉजिस्ट परुळेकर सरांच्या नजरेने बघत, आणि हे अक्षरशः खरं होतं. क्ष-किरणांचा फोटो समोर आला की कसलेला डॉक्टर आधी कुठे बघतो, कुठे रेंगाळतो, कशाला दचकतो, ही सगळी सवय त्याच्या मेंदूत मुरलेली असते. ती टिपून शिकाऊ डॉक्टरच्या मेंदूत सौम्य विजेच्या स्पंदांनी रुजवायची, या विद्येला ‘नजर-कलम’ म्हणत. ज्याला पूर्वी उमेदीची वर्षं लागत, ते आता महिन्याभरात येई.

सुलक्षणा गित्तेने परळीच्या आत्याला फोनवर हे समजावलं होतं. डोळे माझेच राहतात, बघायची सवय तेवढी सरांची येते, असं ती म्हणाली. आत्याने विचारलं, “मंग तुझी सवय कुटं जाती गं?” कलम झालं की सांगते, म्हणत सुलक्षणाने फोन ठेवला. पुढे ती वेळच आली नाही, कारण तिच्या मेंदूत कलम धरलंच नाही.

तेव्हापासून सोबतचे निवासी डॉक्टर तिला ‘रायवळ’ म्हणत. रायवळ म्हणजे कोयीपासून उगवलेला, कलम न केलेला आंबा. ते फोटोवर नजर टाकून निदान सांगून मोकळे होत, आणि ही आपली पडद्यावर बोट फिरवत कोपऱ्यांपासून सुरुवात करी. थट्टा ती हसून सोसायची. विभागाचा निर्णय मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सोमवारी पुन्हा कलम करून घ्यायचं, नाहीतर जागा सोडायची. तिने होकार दिला होता.

सरांची नजर नको कोणाला? एका बाईच्या बरगड्यांवरचे जुने, भरून आलेले तडे पाहून सरांनी ओळखलं होतं की तिला घरात मार बसतो. अहवाल लिहून ते थांबले नाहीत. स्वतः चहा घेऊन तिच्याजवळ जाऊन बसले आणि ती बोलेपर्यंत उठले नाहीत. असा माणूस आपल्या डोळ्यांत वसणार, याचा सुलक्षणाला मनापासून अभिमान वाटत होता.

सरांची एक लकब होती. छातीचा फोटो बघता बघता ते मध्येच चष्मा काढून पुसत. कलम झालेल्या प्रत्येकाचा हात तसाच नाकाकडे जाई, चष्मा असो वा नसो. हात नाकाकडे गेला की कलम धरलं समजा, असं सगळे गमतीने म्हणत.

त्या आठवड्यात सरांचा खोकला हटेना, म्हणून त्यांच्याच छातीचा फोटो काढला. सगळ्यांनी पाहिला, सगळ्यांचे हात नाकाकडे गेले, आणि सगळ्यांनी निर्वाळा दिला की फुप्फुसं स्वच्छ आहेत. सरांनीही मान डोलावली. मंडळी जेवायला गेल्यावर सुलक्षणा एकटीच तो फोटो लावून बसली. हृदयाच्या सावलीआड तिचं बोट थांबलं. तिथे सुपारीएवढा एक करडा डाग होता.

इतक्या जाणत्यांना दिसलं नाही ते आपल्याला दिसतंय म्हणजे आपलंच चुकतंय, असं तिला आधी वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं की नजर बरोबर इथे पोचते तेव्हाच सगळ्यांचे हात नाकाकडे जातात. ती सरांना बोलावून घेऊन आली.

“सर, हृदयामागे बघा.”

सरांनी पाहिलं आणि चष्म्याला हात घातला. काही नाही, म्हणाले.

सुलक्षणाने धीर करून गुरूचा हात धरला. “चष्मा न काढता बघा, सर.”

त्यांच्या कपाळावर घाम आला. मान दोनदा वळली, दोनदा त्यांनी ती बळेच परत आणली. “आहे,” ते अखेर म्हणाले. मग ते खुर्ची ओढून बसले.

“मालतीचा फोटो मीच वाचला होता,” ते म्हणाले. मालती म्हणजे त्यांची दिवंगत पत्नी. “याच जागी गाठ होती. माझ्या नजरेतून सुटली. तेव्हापासून इथे आलो की काच धूसर झाल्यासारखी वाटते. मला वाटायचं, चष्माच खराब आहे.”

पुढच्या तपासणीत गाठ निघाली, पण वेळेत निघाली. शस्त्रक्रियेला जाण्याआधी सरांनी आपल्या नजरेची कलमं कायमची थांबवली आणि कारण सगळ्या राज्याला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. एवढी नावाजलेली नजर सदोष आहे असं म्हणायला छाती लागते. सुलक्षणाचा सोमवारही त्यांनीच रद्द केला.

“आमच्या वेंगुर्ल्याला विचार कोणालाही,” ते तिला म्हणाले. “कलम बांधायला खाली रायवळाचंच रोप लागतं. जुने सगळे फोटो तू पुन्हा वाच, गित्ते. मी पोरांना नजर दिली असं समजत होतो. माझं दुःख देऊन बसलो, आणि त्यांना ते ठाऊकही नाही.”

दुसऱ्या दिवशी सुलक्षणा जुने फोटो उघडून बसली. सोबतचे सगळे तिच्या मागे उभे राहिले. आता कुठे बघायचं ते त्यांना माहीत होतं. पहिल्याच फोटोत तिने हृदयाच्या सावलीआड बोट ठेवलं, आणि मागचे सगळे हात एकदम नाकाकडे गेले.

त्यांच्यातला निनाद सरपोतदार हात खाली घेऊन हट्टाने बघत राहिला. अजून लग्नही न झालेला, घरातलं कोणी न गमावलेला मुलगा. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“मला कोणाची आठवण येतेय?” त्याने विचारलं.

सुलक्षणाने त्याला खुर्ची दिली आणि पुढचा फोटो लावला.