झाडाच्या दोन्ही बाजूंना

बर्फात अडकलेल्या बाईला मदत करायला कोणी आलं, तर आधी तो कोणाचा माणूस आहे ते बघावं, असं माझा मामा म्हणतो. मी बघितलं. कोणाचाच वाटला नाही... आणि तिथेच मला पहिला संशय आला.

जानेवारीतली दुपार होती, म्हणजे आमच्या पठारावर दोन-तीन तासांचा निळसर उजेड. गोठलेल्या तळ्याच्या मध्यावर माझी स्कूटर – तुम्ही तिला स्नोमोबाइल म्हणाल – पट्ट्याच्या आतल्या मागच्या चाकातून किंचाळायला लागली होती. तो समोरून आला, टोपीचा कान वर केला आणि बर्फात गुडघे टेकून चक्क माझ्या चाकाला कान लावला.

"बेअरिंग रडतंय," तो म्हणाला. "हळूहळू गावात घेऊन या. मी सिवेर्त. पिएराच्या शेडमध्ये गॅरेज टाकलंय."

त्याच्या पापण्या बर्फाने पांढऱ्या झाल्या होत्या. हसला की त्यांवरचे कण गळायचे. मी नाव सांगितलं, रिस्टेन. मग बोलणं वाढवायला म्हणून त्याने विचारलं, "किती रेनडिअर आहेत तुमचे?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा प्रश्न आम्हा कळपवाल्यांत कोणी विचारत नाही; बँकेत किती पैसे आहेत, असं विचारण्यासारखंच ते. नवरी मुलगी होणाऱ्या नवऱ्यालाही विचारत नाही. माझ्या आईला स्वतःच्या भावाचा आकडा माहीत नाही.

"झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत," मी म्हटलं. आकडा टाळायचं आमचं ठरलेलं उत्तर. पण तो किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा मुलगा. त्याने खरोखरच मान वळवून झाड शोधलं.

पिएराचं नाव ऐकल्यापासून मी सावध होते. आदल्या हिवाळ्यात या शेजाऱ्याचा कळप आमच्या कुरणात घुसला. दोन्ही कळप मिसळले, वेगळे करता करता पंधरा दिवस गेले आणि चारा संपला. त्या वर्षी तर सगळीकडे बर्फाचा कडक थर बसलेला. जनावराला खुराने फोडता येत नाही. खालचं पांढरं शेवाळ, म्हणजे त्यांचा हिवाळी चारा, मऊ बर्फात शिल्लक होतं ते एकाच दरीत, आणि ती दरी फक्त मला आणि मामाला माहीत. पिएराला तिचा पत्ता लागला असता, तर आमच्या गाभण माद्या वसंतापर्यंत टिकल्या नसत्या.

आणि हा पिएराच्या शेडमधला माणूस दर खेपेला मलाच विचारायचा – आज कुठून आलात? वाटेत पाणी लागलं का?

मी पश्चिमेकडची तळी सांगायची. दरी पूर्वेला होती. तो मान डोलवायचा, कॉफी पुढे करायचा आणि म्हणायचा, दहा दिवसांनी परत या, ग्रीस बघायला हवं.

"सीलबंद बेअरिंगला ग्रीस लागत नाही," मी एकदा सुनावलं. "शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे."

"सीलबंद माणसांनाही काही लागत नाही म्हणतात," तो म्हणाला. "तरी तुम्ही माझी कॉफी पिता..."

मी कप खाली ठेवला. मग पुन्हा उचलला, कारण कॉफी चांगली होती. खोटं कशाला बोलू, त्याचे हातही चांगले होते. मामा म्हणाला, इतक्या वेळा तर तू दाताच्या डॉक्टरकडेही गेली नसतीस.

मार्चमध्ये पट्टा साफ करताना मला चाकांच्या सीलवर बारीक ओरखडे दिसले. एकूण एक सील कडेने सुईने उचकटलेलं. त्याच दिवशी दरीच्या ओढ्यापाशी पिएराच्या स्कूटरचे ताजे माग दिसले. सिवेर्तनेच त्याला सांगितलं असणार. वर मला वाटेत अडकवायला बेअरिंगंही बिघडवून ठेवली असणार. मला जास्त राग स्वतःचा आला, त्या चांगल्या हातांबद्दल विचार केल्याचा.

सकाळी तडक शेडवर गेले. दार अर्धवट उघडं होतं आणि आतून पिएराचा आवाज येत होता.

"चाकं तुझ्या हातून जातात. रिस्टेन कुठे जाते ते तुला कळत असणारच. शेड माझी आहे, विसरू नकोस."

"पश्चिमेला," सिवेर्त म्हणाला. "मोठ्या तळ्याच्या पलीकडे. दर वेळी तेच सांगते."

"आणि ओढ्याकडे?"

"ओढ्याकडे मासेही नाहीत. शेड हवी तर घ्या, मी तंबू ठोकेन."

पिएरा पाय आपटत निघून गेला. मी दाराआडच उभी राहिले. माझं खोटं त्याने जसंच्या तसं पुढे दिलं होतं.

आत गेले आणि त्याला बाहेर स्कूटरपाशी आणून सीलवरच्या ओरखड्यांवर बोट ठेवलं. त्याने एक फडकं आणलं. त्यावर जुनं, पाणी शिरून फेसाळलेलं ग्रीस होतं आणि त्यात लालसर वाळू.

"कारखान्यातलं ग्रीस या थंडीत घट्ट होतं, पाणी आत ओढतं. म्हणून सील उचलायचं, धुवायचं, थंडीचं ग्रीस भरायचं. अर्धंही भरायचं नाही, नाहीतर तापतं आणि सील बाहेर फेकतं." त्याने फडक्यावरच्या वाळूकडे बोट दाखवलं. "लाल वाळू एकाच ओढ्यात आहे, तुमच्या दरीतल्या. उन्हाळ्यात मी तिथे गळ टाकायला गेलो होतो. पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग दर वेळी विचारायचात कशाला?"

"तेच खोटं आज कसं सांगता... ते ऐकायला." त्याचे कान लाल झाले होते. "आणि तो पहिल्या दिवशीचा प्रश्न – तो असा विचारत नाहीत, हे मला नंतर कळलं. लाज वाटली. मला उत्तर नकोय, रिस्टेन."

"वाक खाली," मी म्हटलं. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही.

तो वाकला. मी त्याच्या टोपीचा कान वर केला आणि ओठ टेकवून, अगदी हळू, माझा आकडा सांगितला. शेवटच्या वासरापर्यंत, खरा.

त्याने टोपीचा कान नीट खाली ओढून घेतला. मग म्हणाला, "आता लग्न करावं लागेल. एवढं माहीत असलेल्या माणसाला बाहेर मोकळं फिरू देणं बरं नाही."

आमच्या लग्नाला आता चार वर्षं झाली. आकडा किती, ते तुम्ही विचारू नका. झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत.