एवढंच सांगा

पाणी नाकातोंडात गेलं आणि पोहण्याच्या तलावाचा काठ धरून मी खोकत सुटले. तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला—

“कसं लागतंय? मघाशीच क्लोरीन टाकलंय. जास्त तर नाही ना झालं?”

वर पाहिलं. हातात पाणी तपासायची काचेची नळी, बाह्या दुमडलेल्या, ओठांत दाबलेलं हसू. तलावाचे पंप सांभाळणारा मेकॅनिक.

“चवीपुरतं आहे!” मी म्हटलं आणि पुन्हा बुडी मारली... म्हणजे, बुडाले.

समुद्राचा अभ्यास करणाऱ्या बोटीवर मला नोकरी मिळाली होती. अट एकच — पंधरा दिवसांत न थांबता पन्नास मीटर पोहून दाखवायचं. आणि मी दहा मीटरांतच गारद!

तरी कुणाला विचारणार नव्हते. लहानपणी दादाला एक गणित विचारलं, की तो वही ओढून अख्खं पान सोडवायचा. गणितं सुटायची, मी जिथल्या तिथे. तेव्हापासून प्रत्येक गोष्टीत माझं मी करीन, असा हट्टच धरला.

मी रोज सकाळी यायचे. तो नळी घेऊन माझ्याच बाजूला यायचा.

“आज कितव्यांदा तपासताय पाणी?” मी एकदा विचारलंच.

“चौथ्यांदा.”

“नियम आहे तसा?”

“नियम... एकदाचा आहे.” नळीकडे बघत तो म्हणाला. कान मात्र लालबुंद!

बाराव्या दिवशीही दहाच मीटर. डोळे भरून आले. चेहरा ओला होता म्हणून बरं. तो जवळ येऊन उकिडवा बसला.

“ऐका ना... माझं चुकतंय कुठे? एवढंच सांगा. पुढचं नको.”

“श्वास कोंडून ठेवता तुम्ही. तोंड पाण्यात असतानाच सोडायचा.”

“पहिल्या दिवसापासून माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

“दुसऱ्याच्या हातातलं काम ओढून घ्यायला मला नाही आवडत,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही विचाराल, याची वाट बघत होतो.”

मी घाईघाईने तोंड पाण्यात घातलं.

मग नुसते बुडबुडे! हात कसे मारायचे, मान किती वळवायची, ते माझं मीच शोधलं. पंधरा... तीस... चाळीस मीटर! परीक्षेच्या दिवशी समोरच्या भिंतीला हात टेकला आणि परीक्षक बाई म्हणाल्या, “पास!”

अंगावर टॉवेल ओढून मी थेट पंपाच्या खोलीत धावले. आत नुसती घरघर.

“पास झाले!”

“काय?” तो कानाला हात लावून ओरडला.

“मला अजून एक मदत हवीय!”

“ऐकू येत नाहीये!” तो बटणाकडे वळला.

“कुणी आवडलं तर त्याला सांगायचं कसं?”

नेमका तेव्हाच पंप बंद झाला. माझा आवाज चारी भिंतींवर आपटून परत आला. मी टॉवेलात तोंड लपवलं.

“असंच सांगायचं असतं...” तो कसाबसा म्हणाला. “मला कुठे जमत होतं?”

मग दोघंही एकदमच हसलो.

“बोट कधी निघतेय?”

“सोमवारी. महिन्याभराने परत.”

“म्हणजे चार दिवस आहेत हातात.” त्याने ग्रीसने माखलेला हात फडक्याला खसाखसा पुसला आणि पुढे केला. “चल.”

‘चला’ नाही... ‘चल’!

मी हात दिला.