माहिती यायची आहे

नवजात बाळांच्या कक्षाबाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात चालू असलेला प्लग एकच होता, आणि तो तिने अडवला होता. लॅपटॉप मांडीवर, पाठ भिंतीला, चपला बाजूला काढलेल्या... जणू तिथे तिचा सातबारा होता.

"हा प्लग तुमच्या एकटीच्या नावावर आहे, की दुसऱ्याला थोडा मिळेल?"

तिने वर पाहिलं. एक उंच माणूस मान जराशी वाकवून उभा होता. काखेत लॅपटॉप, हातात वायरचं भेंडोळं, आणि शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. तिने बटणाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा बटणाकडे.

"माझी बॅटरी मरायला टेकली आहे," ती म्हणाली.

"माझी मेलीच आहे. मयताला आधी जागा देतात."

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. तो शेजारी फरशीवर बसला आणि पिशवीतून चक्क एक्स्टेन्शन बोर्ड काढला.

"बोर्ड होता तर आधी बोलायचं नाही?"

"आधी बोर्ड काढला असता, तर विचारायला काय उरलं असतं?"

तिने मान खाली घातली आणि उगीचच तीन-चार बटणं दाबली. स्क्रीनवर नुसती अर्थहीन अक्षरं उमटली.

"काय दुखणं आहे?" त्याने विचारलं.

सकाळपासून कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ती घडाघडा बोलत सुटली. आत ज्या काचेच्या पेट्यांमध्ये बाळांना ऊब देतात, त्या तिच्या छोट्याशा कंपनीच्या. त्यांच्या पोटातला प्रोग्राम तिचा, सी भाषेतला. पेटी दर थोड्या वेळाने बाळाचं नाव, वजन, तापमान गोळा करते, एका ओळीत बांधते आणि सिस्टरांच्या खोलीतल्या मोठ्या स्क्रीनवर पाठवते. ऊब देणारा भाग वेगळा आहे, त्यामुळे बाळ सुखात आहे. पण माहिती पाठवणारा भाग तीन नंबरच्या पेटीत सारखा बंद पडतोय. आणि मोठ्या सिस्टरांनी बजावलंय, संध्याकाळपर्यंत हे थांबलं नाही तर चारही पेट्या जिन्याखाली.

"आणि स्क्रीनवाले काय म्हणतात?"

"त्यांचं नाव काढू नका. तो स्क्रीन दुसऱ्या कंपनीचा. तिथून 'तांत्रिक विभाग' अशा सहीने मेल येतात. कोरडे ठणठणीत. दर वेळी एकच, 'खोट पेटीत आहे.' माणूस आहे की शिक्का आहे, देव जाणे."

"मग, खोट पेटीत आहे का?"

"...आहे. पण ती त्याने सांगायची काय गरज?"

"खरंय," तो गंभीरपणे म्हणाला. "पुढच्या मेलमध्ये थोडा ओलावा घालतो."

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. चपला चढवून पळावं, तर एक चप्पल त्याच्या बोर्डाखाली अडकलेली.

"तांत्रिक विभाग?" तिने बारीक आवाजात विचारलं.

"अख्खा. एकटाच आहे मी तिथे."

मग दोघं असे हसले की आतून एका सिस्टरने काचेवर टकटक केली.

खोट साधी होती. तीन नंबरमधल्या बाळाला अजून नाव नव्हतं. आईला एक हवं होतं, बाबाला दुसरं, आणि दोघंही हट्टाला पेटलेले. त्यामुळे पेटीत नावाची जागा नल होती, म्हणजे कुठेच न पोचणारा पत्ता. सी भाषा मोठी आज्ञाधारक. पत्ता द्या, ती डोळे मिटून निघते. पत्ता नसला तर थांबून विचारत नाही. तशीच निघते आणि तोंडावर पडते. आधी तपासायचं काम लिहिणाऱ्याचं. प्रत्येक माणसाला नाव असतंच, असं ती धरून चालली होती. कालच जन्मलेल्या माणसाचा विचार तिला शिवला नव्हता.

"सोपं आहे," ती म्हणाली. तिने भराभर दोन ओळी घातल्या. नाव नसेल तर कोरी जागा पाठव, तापमान नसेल तर शून्य पाठव. पेटी सुरू झाली. चालली. चालतच राहिली.

तिच्या अंगात वारं शिरलं. काम फत्ते झाल्याची नशा होती, की तो ओणवा होऊन स्क्रीन बघताना त्याच्या शर्टाला येणारा साबणाचा वास होता, कुणास ठाऊक. तिच्या तोंडून निघून गेलं, "काम आटपलं की खाली कॉफी घ्यायची? म्हणजे... तांत्रिक बाबींवर नाही. अशीच."

तो तिच्याकडे वळला. त्याने तोंड उघडलं...

आणि भोंगा वाजला.

सिस्टरांच्या खोलीतला स्क्रीन लालभडक झाला होता. पेटी तीन, तापमान शून्य. सगळ्या धावल्या. ती धावली, तो धावला, बाळाची आई पलंगावरून उठून आली, पांढरीफटक पडून. पेटीत बाळ गुलाबी तळवे हवेत नाचवत होतं. पायाला चिकटवलेली तापमानाची वायर त्याने लाथेने काढून टाकली होती आणि स्वतःवर खूश होतं.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, फक्त मोठ्या सिस्टरांचा नाही. "पेटीवाली," त्या म्हणाल्या, "शून्य म्हणजे काय, ठाऊक आहे? मी पंचवीस वर्षं या खोलीत आहे. या आईच्या तोंडाकडे बघ."

ती बघू शकली नाही. तिने आईपाशी जाऊन, खाली बघतच, "चूक माझी होती, बाळ एकदम ठीक आहे," एवढं सांगितलं.

बाहेर आल्यावर तो हळूच म्हणाला, "वायर निघाली तेव्हा पेटीला तापमान माहीत नव्हतं. तर 'माहीत नाही' असं पाठवायचं. शून्य हाही एक आकडा आहे. मनाने आकडा भरायचा नाही." आणि लॅपटॉप उचलून सिस्टरांच्या खोलीत स्क्रीनपाशी निघून गेला.

कॉफीचं नावही काढलं नाही.

तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात ताईचा फोन आला. या ताईला तिच्या मनातलं तिच्या आधी कळायचं.

"आवाज का असा? कोण आहे?"

"कोणी नाही गं. एकाला कॉफीला विचारलं. नको म्हणाला."

"काय शब्दांत?"

"...शब्द काही नाही. बोललाच नाही."

"बोलला नाही, आणि नको म्हणाला. दोन्ही एकदम कसं जमवलं त्याने?"

"कळतं माणसाला, ताई."

"तुला पहिल्यापासून असंच कळतं. निकाल लागायच्या आधी रडून मोकळी व्हायचीस, आणि मग पेढे... जाऊ दे. जेवलीस का?"

तिने फोन ठेवला आणि कामाला बसली. या वेळी घाई केली नाही. प्रत्येक माहितीच्या आधी एक खूण पाठवायची. खूण शून्य, म्हणजे माहितीच नाही, पुढे काही वाचू नका. खूण एक, म्हणजे माहिती आहे. आधी तिची लांबी, मग ती स्वतः. आणि कुठल्याही पत्त्यावर जाण्याआधी तो पत्ता आहे का, हे बघायचं.

हे दोन्ही टोकांना सारखं हवं. तेव्हा तिला स्क्रीनच्या खोलीच्या खिडकीशी जावंच लागलं. आतून तो, बाहेरून ती, मध्ये सरकती काच.

"प्रत्येकाच्या पुढे खूण लावते आहे," ती काचेला म्हणाली.

"खूण एक, पण लांबी शून्य आली तर?"

"तर उत्तर आलंय, आणि ते कोरं आहे."

"आणि खूणच शून्य असेल तर?"

"तर उत्तर अजून..." ती थांबली. "अजून आलेलंच नाही."

"बरोबर. दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या." त्याने वर पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहत राहिला.

ती परत येऊन बसली. तापमानाच्या ओळीशी तिने स्वतःसाठी टीप लिहिली, 'कळलं नसेल तर शून्य धरू नये.' बोटं तिथेच थबकली. भोंगा वाजला होता. त्याने तोंड उघडलं होतं. आणि शून्य कुणी भरलं होतं?

ऊन कलल्यावर चाचणी झाली. मोठ्या सिस्टर हाताची घडी घालून उभ्या. तिने पेटी सुरू केली, तीन नंबरची वायर स्वतः काढली. पेटी चालू राहिली. स्क्रीन लाल झाला नाही. करड्या अक्षरांत उमटलं, 'तापमान: माहिती यायची आहे. वायर तपासा.' बारीकशी टिंगटिंग झाली. एक सिस्टर शांतपणे चालत गेली आणि वायर लावून आली. नावापुढेही तेच होतं, माहिती यायची आहे.

"ते मात्र तपासून उपयोग नाही," बाळाची आई नवऱ्याकडे बघत म्हणाली.

"पेट्या राहू देत," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही दोघं माझी वाट अडवू नका. बाहेर व्हा."

व्हरांड्यात तिने एका दमात सांगून टाकलं. "सकाळी मी एक प्रश्न विचारला होता. उत्तर आलं नाही, तर ते मीच भरून टाकलं."

"काय भरलंस?"

'तुम्ही'चं 'तू' झालेलं तिच्या कानांनी टिपलं.

"शून्य."

"अगं, मी तोंड उघडलं तर भोंगा वाजला. मग तू माझ्याकडे बघेनाशीच झालीस. मला वाटलं, प्रश्नच मागे घेतलास." त्याने कान चोळला. "दुपारभर त्या काचेतून बघत होतो, पुन्हा विचारतेस का म्हणून."

"पुन्हा विचारू?"

आत टिंगटिंग वाजली. बाळाने पुन्हा लाथ मारली होती. दोघांनी दाराकडे पाहिलं, पण कुणी धावलं नाही.

"वाजू दे," तो म्हणाला. "हो. हो म्हणतोय मी. आज कॉफी, आणि उद्याही, आणि परवा तुझी बॅटरी मरायला टेकली तरी."

तिने सकाळपासून डोळ्यांत खुपत असलेली गोष्ट सांगितली. "तुझं बटण चुकीच्या काजात आहे."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मग..." ती चपला शोधत म्हणाली, "मग बघायला काय उरलं असतं?"