सोसेल तेवढी बातमी

दुपारची निजानीज. मांडणीवरच्या स्टीलच्या डब्याचं झाकण शाल्मलीच्या हाताला लागून निसटलं आणि फरशीवर गरगरत वाजत राहिलं. ती दचकली. त्याच क्षणी फ्रिजच्या दारावरच्या पडद्यावरची बातमी तिच्या डोळ्यांदेखत बदलली. ‘वरिष्ठाचा तरुणीवर अत्याचार’ पुसलं गेलं. त्या जागी आलं, ‘तरुणी तिथे एकटी का गेली?’

“अश्विनीताई, हे काय झालं?”

चहा पीत बसलेली नणंद ओशाळली. बातम्या दाखवणारं हे यंत्र, ‘सोसबातमी’, तिच्याच प्रयोगशाळेतलं. दारावरचा कॅमेरा वाचणाऱ्याचा श्वास आणि डोळ्यांच्या बाहुल्या टिपतो. माणूस अस्वस्थ होऊन वाचणं सोडणार असं दिसलं, की यंत्र तीच घटना त्याला सोसेल अशी पुन्हा लिहितं. एरवी हे इतकं अलगद होतं, की घरोघरी कुणाला पत्ता लागत नाही.

“तू झाकणाला दचकलीस वहिनी, त्याला वाटलं बातमीला.”

“म्हणून पोरीलाच जाब विचारायचा?”

“आम्ही नाही गं शिकवलं. वाचणाऱ्यांकडून शिकलं ते. तिचंच काहीतरी चुकलं असं कळलं, की माणसांचा श्वास खाली बसतो. आपण तसं वागत नाही, म्हणजे आपल्याला काही होणार नाही. मग पुढे वाचतात.”

“छान! अफूच की ही.”

“आम्ही वाचकस्नेह म्हणतो.”

“जळो तो स्नेह.”

बातमीत नाव नव्हतं, पण ती तरुणी वरच्या मजल्यावरची संहिता, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. डबाही तिचाच. नारळाच्या वड्या घालून तिनं पाठवला होता, तक्रारीच्या आधी. उद्या कोर्टात नुसतं शेजारी बसाल का, असं आज सकाळीच तिनं जिन्यात विचारलं. शाल्मलीनं मुलीचा ताप पुढे केला. मुलीला ताप नव्हता.

“मूळची बातमी दाखवा.”

अश्विनीनं दारावर बोट दाबून धरलं. चार साध्या ओळी. साहेबानं फायली घेऊन बोलावलं. ती गेली. त्यानं दार आतून लावलं. ती नको म्हणत राहिली.

“मग तिची ती पार्टी? ते जुने फोटो? मी रोज वाचलं ते?”

“तुझा श्वास निवेपर्यंत यंत्र शोधत राहिलं, वहिनी. तिथे निवला.”

‘एवढ्या उशिरा जायचंच कशाला बाई,’ बागेत चारचौघींत ती स्वतःच म्हणाली होती. शाल्मलीला किळस आली. आधी फ्रिजच्या त्या दाराची. मग आत-बाहेर होणाऱ्या स्वतःच्या श्वासाची.

तिनं डबा उचलला. झाकणाच्या आवाजानं जागी झालेली तिची मुलगी रुंजी डोळे चोळत दारात उभी होती.

“संहिताताईचा डबा! द्यायला जायचं?”

“हो. आणि उद्या मी ताईबरोबर जाणार आहे.”

रुंजीनं डब्यात डोकावून पाहिलं, आत हात फिरवला.

“पण रिकामा डबा परत द्यायचा नसतो ना, आई? मग यात काय घालायचं?”