हळू हाका

उद्या तुम्ही माझ्या नारू भावोजींच्या गाडीनं तलासरीला जाणार, मागच्या सीटवर बसणार, म्हणून हे सांगतो. घाबरवायला नाही. गाडी चांगली आहे, तिचा प्रत्येक नट माझ्या हाताखालून गेलाय, वाटेत दगा द्यायची नाही. भावोजी फार हळू चालवतात. त्यांना घाई करू नका, एवढंच माझं म्हणणं. का, ते ऐकायचं असेल तर कंदील जरा अलीकडे घ्या. तिकडे वाऱ्यानं वात फडफडते.

मी तेव्हा डहाणू रोडला स्टेशनजवळच्या एका गॅरेजात मेकॅनिक होतो. महाराष्ट्र अजून व्हायचा होता. डहाणू कुणाकडे जाणार यावरून बाजारात माणसं सकाळी भांडत आणि दुपारी एकाच बाकावर बसून चहा पीत. वैशाखात एके दिवशी चिंचणीहून निरोप आला. भावोजींनी जुनी गाडी घेतलीय, ती चालू होत नाही, गणूला म्हणावं येऊन बघून जा. मी हत्यारांची पिशवी सायकलला अडकवली आणि निघालो. जायचं मनात नव्हतं.

चंद्रावती माझी थोरली बहीण. मी तिला बाय म्हणायचो. आई लवकर गेली, मला बायनंच वाढवलं. चिंचणीच्या नारूशी तिचं लग्न झालं, तो होडीवर जायचा, ती मासळी सुकवायची, विकायची. बरीच वर्षं मूल नव्हतं. मग दिवस राहिले. दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी तिला कळा लागल्या आणि मूल आडवं आहे असं सुईण म्हणाली. डहाणूच्या दवाखान्यात न्यायला शेजाऱ्यांची बैलगाडी काढली. वरोरच्या पुढे, ताडांची रांग लागते तिथे, बाय गेली. मूल पोटातच गेलं.

मी डहाणूच्या वेशीवर वाट बघत उभा होतो. बैलगाडी आली तेव्हा भावोजी बैलांच्या पाठीवर पडून रडत होते. त्यानंतर मी त्यांच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांचा दोष काय होता, तुम्ही म्हणाल. काही नव्हता. पण माणसाला कुणावर तरी राग धरावा लागतो.

भावोजींनी होडीतला आपला वाटा विकला आणि घोलवडच्या एका चिकूवाडीवाल्याकडून ही जुनी काळी गाडी घेतली. गाव त्यांना वेडा म्हणालं. ज्याला समुद्रात डोळे मिटून वाट सापडते तो रस्त्यावर गाडी चालवायला शिकला. कशासाठी, तर आपल्या आळीतली बाई पुन्हा बैलगाडीत मरता नये.

मी पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. वाळत घातलेल्या बोंबलांवरून कावळे हाकलायलासुद्धा कुणी बाहेर नव्हतं. गाडी अंगणात आंब्याखाली उभी होती. भावोजी पायरीवर बसले होते. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"आलास," ते म्हणाले. "मला वाटलं येत नाय."

"काय होतं गाडीला?"

"घोलवडहून स्वतः चालवत आणली. इथे उभी केली त्या दिवसापासून इंजिन फिरतं, पण पकडत नाय. शेजारच्या रूपीचे दिवस भरलेत रे. तिच्या आधी ही चालू व्हायला हवी."

मी बसून सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरलं. बॅटरी उत्तम. पण इंजिन फिरणं वेगळं आणि पकडणं वेगळं. फिरतं ते बॅटरीच्या जोरावर. पकडलं की स्वतःच्या जोरावर चालतं. हे नुसतं फिरत होतं. आणि फिरताना जो आवाज येत होता तो मला आवडला नाही. इतकी इंजिनं ऐकलीत मी. हे कण्हल्यासारखं होतं… कळ येते, चढते, ओसरते, तसं.

मी मनातून ते काढून टाकलं आणि कामाला लागलो. आमच्या धंद्यात अशा गाडीला तीन गोष्टी विचारायच्या. पेट्रोल मिळतंय का, ठिणगी मिळतेय का, श्वास घेता येतोय का. पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत स्वच्छ येत होतं. प्लग काढून इंजिनच्या अंगाला टेकवला, ठिणगी निळी, कडक. ठिणगी पडायची वेळही बरोबर. प्लगच्या भोकावर अंगठा धरला तर हवेनं तो उडवून दिला, म्हणजे आतला दाबही ठीक. सगळं परत बसवलं. सेल्फ मारला. फिरलं, कण्हलं, थांबलं.

आणि थांबल्यावर मागच्या सीटवर कुणीतरी रोखून धरलेला श्वास सोडला.

मी वळून बघितलं. सीट रिकामी होती. काचा बंद होत्या, आत भट्टीसारखं तापलं होतं, आणि वास येत होता भाताच्या पेंढ्याचा. नव्या, ओलसर पेंढ्याचा, जो कापणीनंतर येतो. वैशाखात ताजा पेंढा कुठून असणार?

"भावोजी, गाडीत पेंढा भरला होता काय?"

त्यांनी कळशी उचलली आणि ते विहिरीकडे वळले.

एकच गोष्ट बघायची राहिली होती. मागची धुराची नळी बुजली असली तर इंजिनचा श्वास कोंडतो. कुंभारमाशी तिच्यात मातीचं घर करते. मी गोणपाट अंथरलं आणि गाडीच्या मागच्या बाजूनं खाली सरकलो. भावोजी तेव्हा विहिरीवर माझ्यासाठी पाणी काढत होते, रहाटाचा आवाज मला ऐकू येत होता. गाडीत कुणी नव्हतं, हे नीट लक्षात ठेवा.

नळी साफ होती. मी तिच्यावर हातोडी टकटक करून बघत होतो तेवढ्यात माझ्या तोंडावरचे पाटे दबले. गाडीचं वजन पेलणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्या सावकाश, कुरकुरत, एका बाजूला दबल्या. मग त्या बाजूच्या उचलल्या आणि दुसऱ्या बाजूच्या दबल्या. वर कुणीतरी कूस बदलत होतं. जड अंगाचं. ज्याला कुठल्याच कुशीवर बरं वाटत नाही असं कुणीतरी.

मी हललो नाही. हलता येईना. डोळ्यांत माती पडत होती तरी मिटता येईनात. मग वरच्या पत्र्यातून, माझ्या कानापासून वीतभर अंतरावरून, आवाज आला. थकलेला, दातांवर दात ठेवून काढलेला.

"हळू… हळू हाका…"

तो आवाज मला अंगाई म्हणणारा आवाज होता. मी बाहेर कसा आलो आठवत नाही. कोपर सोलवटून निघालं होतं. भावोजी कळशी घेऊन समोर उभे होते.

"ऐकलंस?" त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं.

"बाय… बैलगाडीत काय म्हणत होती, भावोजी?"

हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. ते तिथेच जमिनीवर बसले.

"हळू हाका म्हणत होती," ते म्हणाले. "घरापासून तेच. हळू हाका, मला सोसवत नाय, जरा थांबा. मी ऐकलं नाय. मला पोचायचं होतं. बैलांना मारत होतो, चाकं दगडांवरून उडत होती. मागे ती पेंढ्यावर इकडून तिकडे आपटत होती. मग ताडांपाशी बोलायची थांबली." त्यांनी कळशी बाजूला ठेवली. "मला वाटलं, कळ कमी झाली. गणू, मला बरं वाटलं रे. मी आणखी जोरात हाकली."

माझ्या मनातला राग त्या क्षणी कुठे गेला कुणास ठाऊक. मी त्यांच्या शेजारी बसलो. आम्ही दोघं त्या काळ्या गाडीकडे बघत बसलो. ऊन कलायला लागलं होतं.

रूपीची सासू भिकीकाकी कुंपणापलीकडून आली तेव्हा आम्ही तसेच बसलेले होतो. "नारू," ती म्हणाली, "रूपीला लागल्या कळा. सुईण हात लावायला तयार नाय. गाडी झाली काय?"

कुणी नाही म्हणायच्या आत तिनं रूपीला धरून आणलंसुद्धा. पोर विशीचीही नसेल. भिकीकाकीनं तिला मागच्या सीटवर निजवलं, डोकं मांडीवर घेतलं. भावोजी पुढे बसले, मी त्यांच्या शेजारी. पेंढ्याचा वास इतका दाट झाला होता की घशात खवखवत होतं.

सेल्फ मारला. इंजिन फिरलं. मागे रूपी कण्हली, आणि तिच्याबरोबर आणखी एक कण्हणं उठलं. पकडलं नाही. पुन्हा मारला. भावोजी स्टिअरिंगवर कपाळ आपटायला लागले. मी त्यांचा खांदा धरला.

"तिला सांगा," मी म्हणालो. "तिला सांगा, भावोजी."

त्यांनी मागे बघितलं नाही. समोरच्या काचेकडे बघत, जवळच्या माणसाशी बोलावं तसं बोलले. "चंद्रा. हळू नेतो, गो. तू म्हणशील तिथे थांबतो. ह्यावेळी थांबतो."

आणि हात सेल्फकडे नेला मात्र, इंजिन पकडलं. मऊ, एकसारखं, जणू कधी बिघडलंच नव्हतं.

माणूस चालत जाईल त्या वेगानं आम्ही चिंचणीतून बाहेर पडलो. भिकीकाकी ओरडत होती, अरे हाक, पोर मरेल. भावोजींचा चेहरा घामानं आणि आसवांनी भिजला होता, पण पाय जोरात पडला नाही. प्रत्येक दगड चुकवत, प्रत्येक खड्ड्यात चाक अलगद उतरवत त्यांनी गाडी नेली. वरोर मागे पडलं. सूर्य समुद्रात बुडत होता. ताडांची रांग लागली, आणि रांगेच्या मधोमध इंजिन आपोआप बंद पडलं.

मी सेल्फकडे हात नेला. भावोजींनी तो धरला. "नको. थांबा म्हणाली."

आम्ही दोघं उतरून बाजूला उभे राहिलो, पाठ फिरवून. ताडांच्या झावळ्या खडखडत होत्या. मागे रूपीचा आवाज चढत गेला, तुटला, आणि मूल रडलं. चांगलं खणखणीत. भावोजींनी डोळे मिटले.

मग दुसरं मूल रडलं.

पहिल्याचं रडणं चालूच होतं. हे त्याच्याबरोबर, जरा भसाडं, अडखळतं, फार वेळ रडायचं राहून गेल्यासारखं. मी वळलो. भिकीकाकी घरून आणलेला कंदील उंच करून सीटखाली, पायांशी, रूपीच्या लुगड्यात बघत होती. तिच्या हातात एकच पोर होती. मुलगी.

"जुळं आहे काय?" मी विचारलं.

"एकच आलं," ती म्हणाली. "माझ्या हातात एकच आलं… रडतं कोण?"

गाडीचं पलीकडचं दार उघडं होतं. ते आमच्यापैकी कुणी उघडलं नव्हतं. त्या दारातून ताडांकडे वारा गेला, आणि त्याच्याबरोबर पेंढ्याचा वास गेला. अगदी धुऊन काढल्यासारखा गेला. रडणं मात्र आतच राहिलं. हळूहळू ते दमलं, हुंदके झाले, मग थांबलं.

भावोजी दाराला धरून उभे होते. त्यांनी मला विचारलं, "गणू, रडण्यावरून कळतं काय रे… मुलगा की मुलगी?"



गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. रूपी दवाखान्यात बरी झाली, तिची पोर आता शाळेत जाते. भावोजींनी त्यानंतर किती बायकांना त्या गाडीतून नेलं, गावाला विचारा. एकही दगावली नाही. गाडी पुन्हा कधी अडली नाही, बायचा आवाज पुन्हा कधी आला नाही, पेंढ्याचा वासही नाही. ती सुटली, असं मी समजतो. तसं समजलं की मला झोप लागते.

पण मागे बसणारी माणसं सुरुवातीला विचारायची, गाडीत कुणाचं मूल रडतंय. पुढे विचारायला लागली, कोण हसतंय. एक बाई म्हणाली, कुणीतरी माझा पदर धरून उभं राहायला बघत होतं. मी वर्षातून एकदा ती गाडी उघडून तपासतो. मागच्या वर्षी मी खाली निजलेला असताना वर सीटवर कुणीतरी पाय आपटत होतं, लहान मुलं कंटाळली की आपटतात तसं. मी काम अर्धं टाकून बाहेर आलो आणि भावोजींना म्हणालो, विकून टाका ही. ते म्हणाले, "त्याला कुठे पाठवू?"

परवा ते बाजारात भेटले. खूप म्हातारे दिसायला लागलेत. म्हणाले, "गणू, आता बोलायला लागला तो."

मी विचारू नये असं वाटत असूनही विचारलं, काय बोलतो.



"ताडांपाशी आलो की विचारतो," ते म्हणाले. "आय इथे एकटीच का उतरली म्हणून."