बाबली तांडेलाचा अंगरखा

आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं असतं. फोमच्या चिलखतांचे तुकडे, निळ्या केसांचा टोप, गरम गोंदाची बंदूक, चंदेरी रंगाचे डबे आणि या सगळ्याच्या मधोमध माझं शिवणयंत्र. माझी मुलगी रिया सोळा वर्षांची आहे आणि तिला वेश शिवून घालायचं वेड आहे. कधी कार्टूनमधली तलवारवाली, कधी व्हिडिओ गेममधली कोणी राणी. काय शिवायचं ते तिने ठरवायचं, आणि बाही खांद्याच्या मुंढ्यात बसेनाशी झाली की "आई गो" म्हणून बोंब मारायची. मी जामसंड्याला शाळेत गणित शिकवते. दिवसभर पोरांच्या चुका काढायच्या आणि घरी येऊन हिच्या शिवणी उसवायच्या. नवरा, सुदेश, रेडीला बंदरावर कामाला. तो शनिवारी येतो, टेबलाकडे बघतो आणि ताट घेऊन खाली जमिनीवर बसतो. त्याचं काय जातंय!

रिया सातव्या महिन्यात झाली. दीड किलोसुद्धा भरली नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, फार आशा ठेवू नका. तेव्हापासून मी तिची मापं घेऊन वहीत लिहिते. आधी दंडाचा घेर आणि डोकं, मग उंची, छाती, खांदा. सोळा वर्षांत तिच्या मापात माझी एकदाही चूक झालेली नाही. छाती तीस, खांदा चौदा, मान साडेबारा. ही मुलगी आपल्या हातून जाईल, ही भीती तेव्हा मनात बसली ती बसलीच. आकडे जागेवर दिसले की जरा बरं वाटतं. लोक मला चिडकी म्हणतात. म्हणोत.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी पणजीला अशा वेशवाल्यांचा मेळावा होता. स्वतः शिवलेल्या कपड्यांना वेगळं बक्षीस होतं. या वेळी रियाने जुन्या काळातला दर्यावर्दी काढला. विजयदुर्गाच्या आरमारातल्या गलबतावरचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या. नुसता वेश पुरत नाही म्हणे, त्या माणसाची हकिगतही लिहून द्यावी लागते. तिने बसल्या बैठकीला माणूस रचला. नाव बाबली तांडेल, वय बत्तीस, डोलकाठीचं लाकूड पडून डावा खांदा मोडलेला.

"खांदो कित्याक मोडलंस त्येचो?" मी विचारलं.

"तसा बरा दिसता, आई. खरा वाटता."

आधी आम्ही स्वस्तातल्या मांजरपाटाचा नमुना केला. तो तिला चपखल बसला. मग मालवणहून आणलेलं जाड खादीचं कापड काढलं. ते धुतलं, वाळवलं, इस्त्री केली. कापायच्या आदल्या दिवशी रियाने त्याला टाचणीने चिठ्ठी लावली. कोणाचं कापड ते कळावं म्हणून शिंपी गिऱ्हाइकाच्या नावाची लावतात, तशी. तिच्यावर तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'बाबली तांडेल'. तिला ते फार गमतीचं वाटलं.

आमच्या घरात देवाला गाऱ्हाणं, म्हणजे मोठ्याने साकडं, घातल्याशिवाय कुठल्याच कामाला हात लागत नाही. बाबा, म्हणजे माझे सासरे, आतल्या गावात पोस्टमन होते आणि वाडीतली गाऱ्हाणी तेच घालत. आता ते आमच्याकडे असतात आणि घातल्यावाचून त्यांना चैन पडत नाही. फ्रिज आला तेव्हा फ्रिजपुढे घातलं. सुदेशच्या मोबाइललाही सुटका नव्हती. तर त्या शनिवारी सकाळी ते शिवणयंत्रापुढे नारळ ठेवून उभे राहिले, कापडावरची चिठ्ठी चष्म्यापाशी नेऊन वाचली आणि सुरू झाले. मी स्वयंपाकघरात पेज गाळत होते. सुदेश नुकताच येऊन न्हाणीत होता. रिया मोबाइलवर. गाऱ्हाण्याला कोणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणावंच लागतं, नाहीतर बाबा परत पहिल्यापासून घालतात. म्हणून मी आतूनच, काय चाललंय ते न ऐकता, चार वेळा 'व्हय म्हाराजा' म्हटलं आणि पेजेत मीठ घातलं.

रविवारी मी कापलं. नमुन्यावरून, खडूने आखून, दोनदा मोजून. सोमवारी शाळेतून येऊन शिवलं. मंगळवारी रियाने घातला तर अंगरखा तिच्यावर गोणपाटासारखा लोंबत होता. छाती चाळीस. खांदा अठरा. डावा खांदा उजव्यापेक्षा दीड इंच खाली.

मी रियालाच झापलं. नमुना बदलला असणार, खडूच्या रेघा हलवल्या असणार. ती रडकुंडीला आली. शेवटी मी चडफडत सगळा उसवला, तुकडे टेबलावर पसरले, जादाचं कापड कापून टाकलं आणि पुन्हा शिवला. संध्याकाळी चहाच्या वेळी तिने घातला. छाती चाळीस.

बुधवारी मी शाळेतून लोखंडी पट्टी आणली. टेप ताणला जातो, पट्टी ताणली जात नाही. दहा इंच कमी केले. कापलेल्या पट्ट्या पिशवीत भरून ठेवल्या. शिवून झाल्यावर मोजला, चाळीस. पिशवीतल्या पट्ट्या काढून मोजल्या, त्या बरोबर दहा इंचांच्या होत्या. कापड एवढंच आणलं होतं. मग हे दहा इंच आले कुठून? मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की बेरीज चुकत नाही, माणूस चुकतो. त्या दिवशी पट्ट्या पसरून मी तासभर बसले होते आणि माझी चूक मला सापडत नव्हती. असा संताप आला की मी लोखंडी पट्टी भिंतीवर फेकली.

आवाज ऐकून बाबा आले. अंगरखा हातात घेऊन त्यांनी खाली-वर केला.

"बरो झालो हा," ते म्हणाले.

"काय बरो? आपल्या चेडवाक, रियाक बसत नाय!"

"चेडवाक कित्याक बसतलो? तो तांडेलाचो ना?"

मी अंगरखा त्यांच्या हातातून ओढून घेतला. "बाबा, तुमी गाऱ्हाण्यात काय म्हटलात?"

त्यांनी सवयीने हात जोडले आणि म्हणून दाखवलं. "ज्येच्या नावान ह्या कापड काढला हा, त्या बाबली तांडेलाच्या अंगाक ता बरोबर बसांदे. वायच पण कमी-जास्त होव नको रे म्हाराजा."

"ता नाव खोटा आसा! रियान मनान काढलेला! असो माणूसच नाय!"

"मगे नसलेल्या माणसाच्या नावान कापड कित्याक काढलात?"

"आता परत सांगा. चुकला म्हणान सांगा."

बाबांनी चष्मा काढला आणि धोतराने पुसला. "मागून घेतलेला परत कसा करूचा गो? आणि व्हय म्हाराजा तूच म्हटलंस."

मी कपाळाला हात लावला. या घरात शहाणं माणूस एकटी मीच, असं मला तेव्हा अजून वाटत होतं. ठरवलं, अंगरखा फाडायचा, मांजरपाटाचाच नमुना रंगवून घालायचा आणि हा विषय बंद करायचा. पण रिया हट्टाला पेटली. राहू दे म्हणाली, मी आत बनियन घालीन, दोन बनियन घालीन, पण हाच हवा. घरात ती तो काढेचना. अभ्यासाला बसली तरी अंगावर अंगरखा. गुरुवारी मला तो जरा कमी लोंबकळताना दिसला.

शुक्रवारी तिने आरशासमोरून हाक मारली. "आई, बघ! बरो बसलो मगे?"

बसला होता. छातीला, पाठीला, मानेला. मी अंगरख्याचं माप घेतलं. चाळीस. मग बंद सोडायला लावून तिचं घेतलं.

सदतीस.

मी टेप गुंडाळून ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा घेतलं. खांदा सतरा. मान साडेचौदा. माझ्या मुलीचा डावा खांदा खाली उतरला होता.

"हात वर कर," मी म्हटलं.

उजवा गेला. डावा कानाच्या खालीच थांबला.

"दुखता?"

"नाय," ती म्हणाली. "तो असोच आसा."

शनिवारी सुदेश आला. मी त्याच्यापुढे वही धरली. त्याने बघितलं, रियाकडे बघितलं आणि बॅग खाली ठेवली. "चेडू वाढता गो. तुझो टेप खराब झालो असतलो."

"तीन दिवसांत सात इंच वाढता?"

"मगे तूच सांग काय ता," तो म्हणाला आणि आंघोळीला गेला. टॉवेल न घेताच गेला, मला दिसलं.

रिया झोपाळ्यावर होती. मी तिच्या अंगावरचा अंगरखा ओढून काढला, कात्रीने त्याचे तुकडे केले आणि न्हाणीमागच्या चुलीत घातले. ती विरोध करेल असं वाटलं होतं. ती दारात उभी राहून बघत होती, एखादा पाहुणा दुसऱ्याच्या घरातलं भांडण बघतो तशी.

पणजीला कोणी गेलं नाही.

रविवारी सकाळी छाती चाळीस भरली.

देवगडला डॉक्टरांकडे खांद्याचा एक्स-रे काढला. त्यांनी फिल्म उजेडाकडे धरली. "प्रकृती उत्तम आहे. गळ्याचं हे डावं हाड मात्र जुनं मोडलेलं आहे. नीट बसवलेलं नाही. लहानपणी पडली होती का?"

"किती जुनं?"

"दहा वर्षं तरी."

दहा वर्षांपूर्वी ती सहा वर्षांची होती. दर महिन्याच्या एक तारखेला मी तिचा खांदा मोजत होते. कोणाला काय सांगणार? बिल भरलं आणि घरी आलो.

तेव्हापासून ती पडवीच्या कडेला बसते, खाडीकडे तोंड करून. त्रास काही नाही. जेवायला बोलावलं की येते, ताट धुऊन ठेवते. शाळेतले कपडे बसत नाहीत, म्हणून सुदेशचे घालते. मला आई म्हणत नाही. काल म्हणाली, "बाये, वायच पाणी मिळात?" किती नम्रपणे विचारलं. मला तिथल्या तिथे किंचाळावंसं वाटलं. शेजारीपाजारी विचारतात, रिया बरी आहे ना? बाबा त्या बाजूला फिरकत नाहीत. सुदेश दर शनिवारी अंगदुखीचं नवं औषध आणतो. आणि मी चहा करते, पेपर तपासते आणि मनातून प्रत्येकाला शिव्या घालते. सगळ्यात जास्त मला.

डॉक्टरांकडून आल्यावर पंधरा दिवसांनी मी कापडवाल्याकडून दोन मीटर पिवळं छापील सुती कापड आणलं. रियाच्या आवडीचं. वहीतल्या जुन्या मापांनी त्यावर कुर्ता आखला. छाती तीस, खांदा चौदा. चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं, आडनाव, जन्मतारीख, सगळं. बाबांना तीन वेळा वाचायला लावलं. मग नारळ ठेवला.

"ज्येच्या नावान ह्या कापड काढला हा," बाबांचा आवाज फाटला, "त्या आमच्या रियाच्या अंगाक ता बसांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं. इतक्या मोठ्याने की पडवीतून वळून बघितलं गेलं.

कुर्ता शिवला. पडवीत बसलेल्या अंगात तो जाणारच नव्हता, मी प्रयत्नही केला नाही. रियाच्या खोलीत खुंटीला टांगून ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर कोपराशी चुण्या पडल्या होत्या. आत वाकलेल्या हाताच्या असतात तशा. मानेशी घामाची रेघ होती.

मी तो धुतला. पहिल्या पाण्याला समुद्राचा वास आला.

आता हेच चाललंय. सकाळी इस्त्री करून टांगायचा, दुपारपर्यंत तो वापरल्यासारखा होतो. घेराला वाळलेल्या मिठाचा पांढरा काठ, पुढे कधी हळदीचा डाग, कधी कसलं काळं, डांबरासारखं. कोणी तरी तिला जेवायला घालतं आहे, एवढं मला कळतं. फेब्रुवारीत काखेची शिवण ताणलेली दिसली, म्हणजे ती वाढते आहे. मी शिवणीत आत राखलेलं जादा कापड सोडून कुर्ता अर्धा इंच सैल केला. मग बसून मनसोक्त रडले. सुदेशला सांगितलं नाही. तो म्हणेल, तू कपडा बघत बसतेस. हो, बसते.

आज शाळेला सुट्टी होती. सकाळी सातला कुर्ता टांगला. दहाला बघितला, बाराला बघितला, दोनला. आता पाच वाजत आले आहेत आणि बाहीवरची इस्त्रीची घडी अजून तशीच सरळ आहे.